कुडझूची वेल आणि हरणांचा चारा : जमीन ‘साफ’ करण्याचा इतिहास



या मालेत आपण बहुतेक वेळा माणसांचा, राज्यांचा किंवा विचारांचा इतिहास बघतो. आज एका वेलीचा इतिहास बघू, आणि त्या निमित्ताने एका अगदी साध्या वाटणाऱ्या शब्दाचाही. ‘जमीन साफ केली’ असं आपण सहज म्हणतो. शेतात म्हणतो, रानात म्हणतो, सरकारी अहवालातही म्हणतो. पण काय काढलं, ते तिथे आलं कसं, आणि काढल्यावर त्या जागी काय ठेवलं, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्या वाक्याला पुरता अर्थ येत नाही.

आपले उदाहरण अमेरिकेच्या आग्नेय भागातले आहे. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी ही राज्ये. तिथला एखादा ग्रामीण जमीनमालक आज काय करतो, ते आधी समजून घेऊ. त्याच्या मालकीचे थोडे रान असते. रानाच्या एका कडेला कुडझू नावाच्या वेलीने झाडे, कुंपण, एखादे पडके घर असे सगळे झाकून टाकलेले असते. तो ती वेल मारतो, जमीन नांगरतो आणि तिथे क्लोव्हर, ओट, गहू, सलगम असे काहीबाही पेरतो. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीम घासाचा भाऊबंद. हे पीक कापणीसाठी नसते. हरणांनी आणि रानटी टर्कींनी ते खावे म्हणून असते. अशा तुकड्याला तिकडे ‘फूड प्लॉट’ म्हणतात. आपण चाऱ्याचा तुकडा म्हणू.

यामागे वन्यप्राण्यांचे प्रेम असते आणि शिकारही असते. तिकडे हंगामात, परवाना घेऊन शिकार करता येते, आणि दक्षिणेकडचे बहुतांश जंगल खासगी मालकीचे आहे. त्यामुळे हरणांना आपल्या रानात बोलावणे आणि टिकवणे हा मालकाचा छंद असतो, कधी उत्पन्नाचाही भाग असतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हे चित्रच संभवत नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवले.

आता पहिला प्रश्न. ही वेल तिथे आली कशी?

कुडझू मूळची पूर्व आशियातली. जपानी भाषेत तिला कुझू म्हणतात. ती शेंगावर्गीय, म्हणजे हरभरा-तुरीच्या कुळातली आहे. जपानमध्ये तिच्या मुळांपासून सत्त्व काढतात, त्याच्या मिठाया होतात. तिच्या धाग्यांचे कापड विणायची जुनी परंपरा आहे. जपानी काव्यपरंपरेत शरद ऋतूच्या ज्या सात वनस्पती मानल्या जातात, त्यांत तिचे नाव आहे. म्हणजे ज्या वेलीला अमेरिकेत आज उपद्रव म्हणतात, ती आपल्या घरी नुसती रानवेल नव्हती. तिला एक स्थान होते, उपयोग होता, खणून नेणारे हात होते. हे हात लक्षात ठेवा, पुढे लागतील.

1876 साली फिलाडेल्फियात अमेरिकी स्वातंत्र्याच्या शताब्दीचे प्रदर्शन भरले. तिथल्या जपानी दालनात ही वेल अमेरिकेने प्रथम पाहिली. मोठी पाने, जांभळी सुवासिक फुले, दाट सावली. लोकांनी ती व्हरांड्यावर चढवण्यासाठी नेली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी फ्लोरिडातल्या चिपली गावच्या चार्ल्स आणि लिली प्लीज या दांपत्याने पाहिले की जनावरे हा पाला आवडीने खातात. त्यांनी रोपवाटिका काढली आणि चारापीक म्हणून टपालाने रोपे विकली. चिपलीत त्यांच्या या कामाचा स्मृतिफलक आहे.

पण शोभेची वेल किंवा चारापीक म्हणून ती हजारो एकरांवर गेली नसती. त्यासाठी मोठे संकट लागते, आणि संकटाला उत्तर द्यायला निघालेले सरकार लागते.

संकट मातीचे होते. दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या कापूस घेतला गेला. आधी गुलामांच्या श्रमावर, नंतर बटाईने कसणाऱ्या गरीब कुटुंबांच्या श्रमावर. उताराच्या जमिनी, उघड्या मातीवर पडणारा जोराचा पाऊस, दरवर्षी तेच पीक. कसदार माती वाहून गेली आणि शेतात घळी पडल्या. जॉर्जियातल्या स्टुअर्ट काउंटीत प्रॉव्हिडन्स कॅनियन नावाची जागा आहे. सुमारे दीडशे फूट खोल दऱ्या, लाल-गुलाबी-पांढऱ्या मातीचे कडे. लोक सहलीला जातात, फोटो काढतात. ही दरी नदीने युगानुयुगे कोरलेली नाही. एकोणिसाव्या शतकातल्या चुकीच्या शेतीने ती तयार केली. त्यात 1890 च्या दशकात मेक्सिकोकडून टेक्सासात बोंडाचा सोंडकिडा आला, हळूहळू पूर्वेला सरकला, आणि कापसाचे उरलेसुरले अर्थशास्त्र त्याने मोडले.

1930 च्या दशकात ह्यू हॅमंड बेनेट या मृदाशास्त्रज्ञाने माती वाचवण्याचा प्रश्न वॉशिंग्टनपर्यंत नेला. 1935 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मृदसंधारण सेवा उभी राहिली. उघड्या घळीत काय लावायचे? लवकर वाढणारे, मुळांनी माती धरणारे, नापीक जमिनीत तगणारे, वर नत्र देणारे काहीतरी. हे सगळे गुण कुडझूत होते. सरकारी रोपवाटिकांत सात कोटींहून जास्त रोपे तयार झाली. शेतकरी बिचकत होते, म्हणून लावणाऱ्याला एकरी आठ डॉलरपर्यंत अनुदान देऊ केले.

अटलांटाच्या वृत्तपत्रात लिहिणारा आणि रेडिओवर बोलणारा चॅनिंग कोप नावाचा गृहस्थ या वेलीचा प्रचारकच झाला. 1943 मध्ये त्याने ‘कुडझू क्लब ऑफ अमेरिका’ काढला आणि त्याचे वीस हजार सभासद झाले. कुडझूने दक्षिणेची जमीन पुन्हा जिवंत होईल, असे तो जीव तोडून सांगत होता.

इथे जरा थांबू. हे लोक मूर्ख होते का? मुळीच नाही. बेनेटच्या काळातल्या माणसासमोर पर्याय होता वेल किंवा घळ. त्याने वेल निवडली, आणि पुष्कळ ठिकाणी वेलीने घळ खरोखरच थांबवली. इतिहासाचा अभ्यास करताना आपण एक सोपी चूक करतो. पुढे काय झाले हे आपल्याला माहीत असते, आणि ते माहीत नसलेल्या माणसाला आपण त्यावरून दोषी ठरवतो. त्यांचा निर्णय तपासायचा तर त्यांच्यापुढची जमीन डोळ्यांसमोर आणूनच तपासला पाहिजे.

मग बिघडलं कुठे?

कुडझू अनुकूल हंगामात दिवसाला फूटभर वाढू शकते, हे खरे. पण गाई-गुरे तिला सतत चरत राहिली तर ती संपते, हेही तितकेच खरे. अनुदान थांबल्यावर लावलेल्या कुडझूपैकी बरीचशी चरून किंवा नांगरून गेलीसुद्धा. पसरली ती जिथे चरणारे तोंड आणि नांगरणारा हात उरला नाही तिथे. दुसरे महायुद्ध, शहरांतले कारखाने, वर्णभेदाच्या जाचातून उत्तरेकडे निघालेली लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे, कापूस वेचणारी यंत्रे, या सगळ्यांनी दक्षिणेचे खेडे रिकामे केले. बटाईदार गेला, त्याची गाय गेली, त्याचे कुंपण पडले. रस्त्यांच्या आणि रेल्वेमार्गाच्या कापलेल्या उतारांवर तर चरायला कुणी कधी नव्हतेच. त्या रिकाम्या जागेत वेल मोकळी सुटली.

1953 मध्ये कृषी खात्याने अनुदानपात्र आच्छादन पिकांच्या यादीतून कुडझू वगळली. 1970 मध्ये तिला तण जाहीर केले. ज्या खात्याने पैसे देऊन लावली, त्याच खात्याने सतरा वर्षांच्या अंतराने ही दोन पावले उचलली. वेल तीच होती. बदलली होती ती भोवतालची माणसे आणि त्यांची कामे.

आता एक गंमत बघा. कुडझूने दक्षिण गिळली, सत्तर लाख एकर व्यापले, अशी वाक्ये वर्षानुवर्षे छापून येत राहिली. अमेरिकी वनसेवेच्या मोजणीत जंगल-जमिनीवरील कुडझू सुमारे 2 लाख 27 हजार एकर निघाली. त्याच जंगलांत प्रिव्हेट नावाचे आशियातून आलेले, कुंपणाला लावायचे झुडूप सुमारे 32 लाख एकरांवर पसरलेले आहे, आणि त्याच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. कारण कुडझू दिसते. ती रस्त्याच्या कडेला ऊन मिळेल तिथे फोफावते आणि मोटारीच्या खिडकीतून दिसते तेवढेच आपल्याला सबंध जग वाटते. प्रिव्हेट झाडांखाली निमूट वाढते. तेव्हा काय साफ करायचे, हे पुष्कळदा नुकसानीपेक्षा नजरेवरून ठरते.

दुसऱ्या धाग्याकडे वळू. वेलीच्या जागी जो चाऱ्याचा तुकडा येतो, त्यालाही इतिहास आहे.

1900 च्या सुमाराला अमेरिकेतली पांढऱ्या शेपटीची हरणे अनिर्बंध शिकारीने आणि जंगलतोडीने इतकी घटली होती की सगळी मिळून पाचेक लाख उरली असावीत असा अंदाज आहे. बाजारासाठी होणारी शिकार कायद्याने आवळली गेली, हरणे पकडून दुसरीकडे सोडली गेली, पडीक शेतांवर पुन्हा जंगल आले. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या पुनरुज्जीवनासाठी राज्यांना मिळू लागला. आज ही हरणे तीन कोटींच्या आसपास आहेत असे मानतात.

प्राण्यांसाठी जमीन राखायचे शास्त्र दक्षिणेत आधी एका पक्ष्यासाठी तयार झाले. बॉबव्हाइट, आपल्या लाव्ह्यासारखा पक्षी. 1924 पासून हर्बर्ट स्टॉडर्ड यांनी जॉर्जिया-फ्लोरिडा सीमेवर त्याचा अभ्यास केला आणि 1931 मध्ये ग्रंथ लिहिला. या पक्ष्याला शेताच्या कडा, गवत, बी देणाऱ्या वनस्पती आणि अधूनमधून लावलेली नियंत्रित आग लागते, असे त्यांनी दाखवले. त्या काळी वनखाते आगीला शत्रू मानत होते, म्हणून ही गोष्ट धाडसाची होती.

या पक्ष्याला बी मिळावे म्हणून मृदसंधारण सेवेने बायकलर लेस्पेडेझा नावाचे आशियाई झुडूप शेताच्या कडांना पट्ट्यांनी लावायला सुचवले. वन्यप्राण्यांना आसरा आणि जिवंत कुंपण म्हणून मल्टिफ्लोरा गुलाब सुचवला. फळांसाठी ऑटम ऑलिव्ह आणले. ही तिन्ही झुडपे हेतूने चांगली, सरकारी रोपवाटिकांत वाढवलेली. आणि आज तिन्ही अमेरिकेत घुसखोर वनस्पतींच्या याद्यांत आहेत. म्हणजे मातीसाठी लावलेली वेल काढून प्राण्यांसाठी काहीतरी लावायचे, तर प्राण्यांसाठी म्हणून लावलेले हेच काहीतरी उद्याची कुडझू होऊ शकते. हे आम्ही तर्काने सांगत नाही. हे घडून गेले आहे.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते बघू, कारण विचार कामाच्या तपशिलात तपासावा लागतो.

कुडझू बियांपेक्षा वेलीनेच जास्त पसरते. जमिनीला टेकलेल्या पेरापेराला मुळे फुटतात आणि तिथे एक गाठ तयार होते. नवे कोंब या गाठीतून येतात. खाली पिष्टाने भरलेली जाड मुळे असतात, जुन्या वेलीची तर प्रचंड. वरचा पाला कितीही कापा, खालचे कोठार भरलेले आहे तोवर ती पुन्हा येते. म्हणून एक तर प्रत्येक गाठ शोधून कापायची, नाहीतर कोठार रिते होईपर्यंत पाला वाढूच द्यायचा नाही. शेळ्या-मेंढ्या हे काम चांगले करतात. टेनेसीतल्या चॅटनूगा शहराने 2006 मध्ये त्यासाठी टेकडीवर शेळ्या सोडल्या. पण एका उन्हाळ्याने भागत नाही. सलग तीन-चार वर्षे चराई लागते. जुन्या वाढीला तणनाशक वापरले तरी पुन्हापुन्हा फवारून काही ठिकाणी दहा वर्षे जातात. हिवाळ्याच्या अखेरीला वाळका पाला जाळतात, तेव्हा वेलीखाली काय दडले होते ते कळते: गाठी, जुनी विहीर, आणि घळ.

हो, घळ. ज्या जखमेवर ही वेल बांधली होती, ती पुष्कळ ठिकाणी अजून तशीच आहे. उतारावरची वेल मारून लगेच नांगर घातला, तर आजोबांच्या काळातला ओघळ नातवाच्या पहिल्या पावसाळ्यात पुन्हा वाहू लागतो. म्हणून शहाणा माणूस अशा उतारावर नांगर घालत नाही, गवत धरू देतो आणि चाऱ्याचा तुकडा सपाटीवर ठेवतो.

दुसरी अडचण औषधाची. कुडझूवर उत्तम चालणारी पिक्लोरॅम, क्लोपायरॅलिड, अमिनोपायरॅलिड ही तणनाशके शेंगावर्गीय वनस्पतींना विशेष मारक आहेत आणि जमिनीत काही काळ राहतात. हरणांसाठी लावायचे क्लोव्हर कुठल्या कुळातले? त्याच. वेल मारणारे औषध पाहुण्याचे ताटही उपाशी ठेवते. मग आधी एखादे वर्ष गहू-ओटसारखी तृणधान्ये घ्यावी लागतात. तिसरी अडचण 2009 मध्ये आली. कुडझूवर जगणारा एक आशियाई ढेकूणवर्गीय किडा जॉर्जियात सापडला. वेलीचा रस शोषतो म्हणून लोकांना बरे वाटले असते, पण तो सोयाबीनवरही तितक्याच आनंदाने बसतो. आणि सोयाबीन हे शेतकऱ्याचे पीक आहे, तसेच हरणांसाठी पेरायचेही.

सगळ्यात मजेची गोष्ट अशी की हरणे कुडझू खातात. उन्हाळाभर आवडीने खातात, पाल्यात प्रथिनेही भरपूर. मग ती काढून चारा का लावायचा? एक कारण असे की पहिल्या कडाक्याच्या थंडीने कुडझूची पाने गळून जातात, आणि शिकारीचा हंगाम नेमका थंडीत असतो. दुसरे कारण जास्त वजनदार आहे. वेलीखाली झाडे सावलीने मरतात, गवत आणि रानफुले मरतात, आणि एकाच वनस्पतीचे रान उरते. लाव्ह्याला, मधमाशीला, फळे खाणाऱ्या पक्ष्याला तिथे काही नाही. यांतले पहिले कारण माणसाच्या सोयीचे आहे आणि दुसरे रानाच्या हिताचे. दोन्ही कारणे एकाच मालकाच्या तोंडी असतात. ती वेगळी ओळखता आली पाहिजेत, कारण पहिले कारण खरे असेल तर दोन एकर क्लोव्हर पुरते. दुसरे खरे असेल तर क्लोव्हरच्या पलीकडच्या रानाचीही काळजी घ्यावी लागते.

आम्ही तत्त्वज्ञानाकडून इतिहासाकडे आलेली माणसे, त्यामुळे शब्दापाशी अडखळतो. ‘तण’ ही वनस्पतीची जात नाही. ते माणसाने, एका जागी, एका हेतूने दिलेले नाव आहे. यावर कुणी म्हणेल, मग सगळेच सापेक्ष. वेल राहू द्या. तसे मुळीच नाही. गुदमरलेले झाड खरोखर मरते, त्याला सापेक्षता वाचवत नाही. वेल काढायलाच हवी. मात्र कुडझूचा गुन्हा म्हणून आपण जे मांडतो, त्यातला मोठा भाग अनुपस्थितीचा आहे. लावताना सर्वांनी हजेरी लावली. राखताना कुणी नव्हते. जपानमध्येही जिथे खणणारे हात कमी झाले, तिथे तीच वेल आज उपद्रव देते.

आणि आता आपल्या घराकडे एक नजर. सुबाभूळ आठवा. चारा, सरपण, जमिनीला नत्र, असे सगळे गुण सांगून 1970-80 च्या दशकांत ती गावोगाव लावली गेली. ज्यांनी तिची नियमित छाटणी करून शेळ्यांना पाला घातला, त्यांना तिने दिलेही. जिथे कुणी छाटले नाही, तिथे तिच्या शेंगा तडकल्या आणि रान तिचे झाले. घाणेरी तर ब्रिटिशांनी शोभेला आणलेली. आज जंगलात चालायला जागा ठेवत नाही. मेळघाटात पुनर्वसन झालेल्या गावांच्या जुन्या शेतांवर कुरणे तयार झाली आहेत. तिथे नको असलेले तण काढून चांगले गवत धरावे लागते, तेव्हा सांबर-गवे चरायला येतात. ही शेतेही माणसे उठून गेल्यावर मोकळी झालेली आहेत, जॉर्जियातल्यासारखीच. जाण्याची कारणे वेगळी, पण जमिनीला कारण कळत नाही. तिला फक्त एवढे कळते की रोज येणारे हात येईनासे झाले. ते काम आता कुणालातरी पगारावर, वर्षानुवर्षे करावे लागते. आणि ते काम जाणणारी माणसे बहुधा तिथूनच उठलेल्या गावांत असतात. त्यांना त्या कामात मानाची जागा आहे की नाही, हा कुरणाच्या व्यवस्थापनाचाच प्रश्न आहे.

तेव्हा सुरुवातीच्या तीन प्रश्नांना आता चौथा जोडू या. काय काढलं, ते आलं कसं, त्या जागी काय ठेवलं, आणि ते राखणार कोण? अमुक इतके हेक्टर साफ झाले, असे कुठे वाचलेत किंवा आपल्या गावच्या गायरानावर असे काम निघाले, तर फोटो बघून समाधान मानू नका. पाचव्या वर्षी तिथे कोण जाणार आहे, त्याच्या मजुरीची तरतूद कुठे आहे, आणि पेरलेले गवत स्थानिक आहे की बाहेरचे, एवढे विचारा. उत्तर असेल तर खुशाल कोयता उचला. नसेल, तर आधी उत्तर शोधा. तोवर घळीवरची वेल निदान माती तरी धरून ठेवील.